चौसष्ट प्रश्न आणि बॉयलरचा काटा

तीर्थस्वरूप वत्सलाताईस,

बोईसरहून पुंडलिकचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा (उजवा, डाव्याची तक्रार तू अजून केलेली नाहीस) कसा आहे? माहीमच्या वाडीतल्या पानवेली यंदा चढल्या का? भाऊजींनाही नमस्कार सांग. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि माझी वाक्यं लांब असतात.

कारखान्यातला बॉयलर सव्वीस वर्षं सांभाळून मी जूनमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, ती घरी बसायला नव्हे. बॉयलरचा दाब काट्यावर दिसतो, माणसाचा दिसत नाही. उरलेलं आयुष्य तो न दिसणारा दाब वाचण्यात घालवावं असं फार दिवस मनात होतं. म्हणून मुलांसाठी आणि त्यांच्या घरांसाठी काम करणाऱ्या पालघरच्या एका संस्थेत गेलो. समाजकार्याची पदवी माझ्याकडे नाही, पण वाचनालयातली त्या विषयावरची चारही पुस्तकं मी समासात टिपा काढून वाचली आहेत (पाचवं वाळवीने वाचलं). तिथल्या स्नेहल मॅडम (वय सव्वीस, म्हणजे माझ्या नोकरीएवढं) म्हणाल्या, तीन गृहभेटी करून दाखवा, मग ठरवू. पहिल्या दोन अहवालांवर त्यांनी लाल शाईत लिहिलं, 'मोजमापं कमी, माणसं जास्त.' तिसरा फसला की माझं समाजकार्य संपलं.

तिसरी भेट किनाऱ्यावरच्या मुरबे गावातली. नऊ वर्षांची मुलगी (नाव गुप्त ठेवायचं असतं, म्हणून तिला आपण हिना म्हणू) दिवाळीनंतर शाळेत गेली नव्हती आणि आधी जाऊन आलेल्या दोन्ही बायांना तिने कारण सांगितलं नव्हतं. आई नाही, बाप बोटीवर, घरात फक्त आजी, बायडी मावशी (हेही बदललेलं नाव). मी चौसष्ट प्रश्न काढले, पट्टीने रकाने आखले आणि स्कूटर काढली. सुरूच्या झाडांतून वारा येत होता, ऊन कोवळं होतं आणि मी एकदम पंधरा वर्षं पुढे गेलो (स्कूटर ताशी तीसनेच चालली होती). खांद्याला झोळी, केस पांढरे, गावोगावच्या दारांतून मोठ्या झालेल्या मुली म्हणताहेत, 'काका, आत या,' आणि मी प्रत्येकीचं नाव घेऊन हसतोय. आमच्या दारावर पितळी पाटीही दिसली, अक्षरं पाऊण इंच उंचीची. भानावर आलो तेव्हा रस्ता संपून पुढे समुद्र होता. मागे फिरलो.

तिथे पोचून पहिल्यांदा मी घर मोजलं. बायडी मावशी टेप ओढल्याचा आवाज ऐकून म्हणाली, "रस्तावाले का तुमी? रस्त्याला घर नाय द्यायची मी." तिची समजूत काढायला अर्धा तास गेला. मग तिने चहा ओतला, बराचसा कपाबाहेर बशीत, आणि मी नोंद केली, 'गृहिणी सढळ हाताची.' पहिला प्रश्न घेतला, मुलीला खायला काय आवडतं? ती म्हणाली, "आदी तुजं सांग. पोरगी हाय ना तुला?" मी म्हटलं, आहे, रुचिता, तिला श्रीखंड आवडतं (घरी येऊन कळलं, सातवीपासून तिने ते तोंडाला लावलेलं नाही). मग माझा प्रत्येक प्रश्न तिने असाच माझ्यावर उलटवला: मैत्रिणीचं नाव काय, पोरगी कशाला भिते, रुसली की कुठे बसते. मला एक येईना. "सव्वीस वर्सं बॉयलरजवळ बसलास," मावशी म्हणाली, "पोरीजवळ कदी बसलास?" संभाषणाचा शब्द न् शब्द अहवालात यावा असं दुसऱ्या पुस्तकात आहे, म्हणून मी हेही लिहून घेतलं.

हिना बाहेर काठी घेऊन वाळत्या बोंबलांवरचे कावळे हाकलत होती. एकोणिसाव्या प्रश्नाला तिला माझी दया आली. आत येऊन म्हणाली, "आजी, नको छळू काकांना. मी सांगते." आणि तिने सांगितलं. दिवाळीपासून आजीला नीट दिसत नाही. कावळा कुठला न् बोंबील कुठला, कळत नाही. हे कोणाला सांगितलं तर आजीला दवाखान्यात नेतील आणि हिनाला वसतिगृहात टाकतील, म्हणून दोघींनी तोंड मिटलं होतं. मी बशीतल्या चहाकडे बघितलं आणि 'सढळ हाताची' हे शब्द खोडले.

वसतिगृहाचं नाव कोणी काढलेलं नाही. मावशीच्या मोतीबिंदूची तारीख ठरली आहे, शेजारची दमयंती कावळे बघते आहे आणि हिना सोमवारपासून शाळेत जाते. स्नेहल मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाल्या, "काका, अहवाल चांगलाय. फक्त त्यात घर तुमचं आलंय." तरी मला घेताहेत. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
पुंडलिक

ता. क. एक अट घातली आहे, ती वर लिहायची राहिली. रुजू होण्याआधी तोच चौसष्ट प्रश्नांचा तक्ता माझ्या स्वतःच्या घराचा भरून द्यायचा. मला अकरा उत्तरं येतात (पैकी चार खोल्यांची लांबी-रुंदी). रुचिता दर रविवारी गच्चीवर जाऊन तुझ्याशी तासभर बोलते. तरी बाकीची त्रेपन्न उत्तरं तू उलट टपाली पाठव. तिला कळू देऊ नकोस.

ता. क. २. उत्तरं पाठवू नकोस. पाकीट चिकटवायला रुचिताकडे दिलं, तिने आधी वाचलं. म्हणाली, "बाबा, मला विचारायला कोणी बंदी केलीय का?" दुपारपासून आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो आहोत. बाराव्या प्रश्नावर आहोत, भीती वाटली की कोणाला सांगतेस. ती आधी म्हणाली, आत्याला. मग मला सांगायला लागली. चहा दोनदा गार झाला. उत्तराचा रकाना मीच आखला होता, दीड इंचाचा. तो केव्हाच भरला; आता मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय.