पाव फेरा

३ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. इथे सगळे ठीक, म्हणजे मी आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर. दोघांत मी जरा बरा. तो रोज सकाळी दहा मिनिटं खोकतो, मग कुठे कामाला लागतो. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मी इथे बसून सांगतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या लेकीच्या डोक्यात डायव्हिंगचं खूळ शिरलंय आणि तेही मामाकडेच येऊन शिकायचंय, हे वाचलं तेव्हा मी बसलेलो होतो म्हणून बरं. तू म्हणतेस, असे भीतीदायक अनुभव लिहून पाठव की ढमी पुन्हा समुद्राचं नाव काढणार नाही. अगं, ज्याचं पोट माणसांना पाण्यात उतरवण्यावर चालतं त्यालाच तू हे काम सांगतेस! पण तुझा शब्द मी कधी मोडलाय? घे, रविवारी हॉस्टेलवरून घरी आली की तिला वाचून दाखव.

मी पहिल्यांदा पाठीवर सिलिंडर बांधून उतरलो तेव्हा मास्तरांनी सांगितलं होतं, काचेचा मुखवटा जरा सैल करायचा, आत पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकर मारून ते बाहेर काढायचं. मी फुंकर मारायच्या ऐवजी श्वास घेतला. नाकातोंडात पाणी. डोळ्यांपुढे काजवे. मी हात झाडले, पाय झाडले, मनातल्या मनात आईची माफी मागितली, तुझीसुद्धा मागितली. मग मास्तरांनी मला मानगुटीला धरून उभं केलं. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. किनाऱ्यावर एक बाई पोराला घेऊन हा सगळा तमाशा बघत होत्या.

हे फार भीतीदायक झालं नाही, कबूल. दुसरं ऐक.

बंदराबाहेर एक मालवाहू जहाज बुडालेलं आहे. भावोजी आणि मी त्याच्या इंजिनच्या खोलीत शिरलो होतो. माझा पाय तळाला लागला आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम उठला. हातातला टॉर्च दिसेना. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कळेना. माझी पाचावर धारण बसली. दार कुठल्या बाजूला हे माहीत नसताना मी सुटलो वाट फुटेल तिकडे, आणि कुणीतरी माझा घोटा धरला. भावोजींनी मला मागे ओढलं, माझा हात घेऊन स्वतःच्या छातीवर ठेवला आणि तसाच धरून राहिले. त्यांचा श्वास संथ चालला होता. माझाही हळूहळू तसा झाला. मग त्यांनी माझ्या मुठीत दोरी दिली. आत येताना ती त्यांनी दाराला बांधली होती आणि पुढे एका पाइपला पुन्हा बांधली होती, एक गाठ सुटली तर दुसरी असावी म्हणून. दोन गाठींवरून मी त्यांची आदल्याच दिवशी टिंगल केली होती. त्या दोरीला धरून आम्ही बाहेर आलो आणि बोटीवर मी लहान पोरासारखा रडलो. भावोजी दोरीची गुंडाळी करत बसले.

रडल्याचं ढमीला वाचून दाखवू नकोस. मामाची थोडी अब्रू राहू दे.

एवढ्याने घाबरली नाही तर कळव, आणखी पाठवतो. गुडघ्यांना जप.

तुझाच,
ठोंब्या


१९ मार्च

प्रिय ताई,

ढमी हसून हसून लोळली आणि त्याच दिवशी तिने माझ्याकडच्या वर्गाचा फॉर्म भरला, हे कळलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. यात माझ्या लेखणीचा दोष, दुसरं काय!

इकडे परवा एक गंमत झाली. एक सद्गृहस्थ पाण्याखाली मासा बघून इतके खूश झाले की तोंड उघडून हसले आणि त्यांची कवळी खाली गेली. मी आणि आमचा बोटवाला तासभर तळ धुंडाळत होतो. सापडली नाही. गृहस्थ जाताना कुणाशी बोलले नाहीत, बोलणार तरी कसे म्हणा. दुकानाला रंग द्यायचाय. भिजलेले सूट टांगायची दांडी मोडलीय. एकूण काय, चाललंय.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी वाचली. वाचली नाही असं नाही. दोरीला दोन गाठी मारणारा माणूस सिलिंडरची चावी पाव फेराच उघडून पाण्यात कसा गेला, असं तू विचारतेस. अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलंस.

आता काय सांगू? माणूस आहे, एखाद्या दिवशी चुकतो. भावोजी गेल्यावर तपासणी झाली, साहेबांनी कागदावर लिहून दिलं, सही-शिक्का झाला. जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे? तू आता कुठे झोपायला लागली आहेस. झालं ते झालं, ताई. पुन्हा विचारू नकोस.

ढमीला म्हणावं, मे महिन्यात इथे फार गर्दी असते. पुढच्या वर्षी बघू.

तुझा,
ठोंब्या


२ एप्रिल

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. बसून वाच.

रविवारी ढमीचा फोन आला. मी गर्दीचं कारण पुढे केलं तर म्हणाली, मी दुकानातल्या बाकावर झोपेन. मग म्हणाली, तू भितोस ते मला माहीत आहे. आणि म्हणाली, "मामा, मी बाबांसारखी हट्टी नाही रे. माझं सगळं सामान तूच तपास, माझी चावी तूच बघ. मी नको म्हणणार नाही."

मी फोन ठेवला. लाइन तुटली असं तिला वाटलं असेल. तिला परत फोन केलेला नाही. चार दिवस झाले.

नको कोण म्हणालं होतं, ते सांगतो.

त्या सकाळी बोटीवर तिघंच होतो. भावोजी, मी आणि जुने बोटवाले काका. तीस मीटरहून जास्त खोल असलेल्या नांगराची साखळी बघून यायचं होतं, काम अर्ध्या तासाचं. भावोजींनी सिलिंडर जोडला, चावी उघडली, दोन श्वास घेऊन हवेच्या दाबाचा काटा बघितला. रोज करायचे तसंच. मग सिलिंडर पाठीवर चढवला आणि कडेला बसले. मी त्यांच्या मागे उभा होतो. प्रवाह फिरायला लागला होता, मला घाई होती. जाता जाता मी त्यांच्या चावीला हात घातला. आमच्याकडे शिकवतात, चावी पूर्ण उघडायची आणि मग पाव फेरा मागे घ्यायची, म्हणजे ती अडकून बसत नाही. वीस वर्षं मी हे दिवसातून दहादा करत होतो, न बघता. त्या दिवशीही बघितलं नाही. चावी फिरवली, तर ती फिरतच राहिली. मला वाटलं, भावोजी उघडायला विसरले. अडेपर्यंत फिरवली आणि पाव फेरा मागे घेतली.

ताई, मी उलट्या बाजूला फिरवत होतो. मी ती बंद केली होती. बंद करून पाव फेरा उघडली होती.

आणि मी हसलो. म्हणालो, "भावोजी, चावी बंदच होती की! वय झालं तुमचं."

ते म्हणाले, "मी उघडली होती रे." मग म्हणाले, "बरं झालं बघितलंस."

त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. पुन्हा तपासायला हात मागे नेत होते, तर मी म्हणालो, चला, प्रवाह थांबणार नाही. आणि आम्ही उतरलो.

पाव फेरा उघडी असली की वर काही कळत नाही, श्वास नीट येतो. खोल गेलं की तेवढ्या फटीतून पुरेशी हवा येत नाही. श्वास ओढला की काटा खाली पडतो, सोडला की पुन्हा भरलेला दाखवतो. साखळीपाशी पोचलो आणि भावोजींनी गळ्यापाशी हात आडवा नेला. हवा नाही, ही खूण. मी त्यांचा काटा हातात घेतला. काटा सिलिंडर भरलेला दाखवत होता. मला वाटलं, घाबरलेत. मी बोटांनी खूण केली की सगळं ठीक आहे. त्यांनी पुन्हा हात आडवा नेला. मी तो काटा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. बघा, भरलेला आहे. माझ्या छातीवर जादा नळी लटकत होती, ती त्यांच्या तोंडात द्यायला एक क्षण पुरला असता. मी त्यांना काटा दाखवत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काचेतून, अगदी जवळून. रागाने नव्हे. त्यांना कळतच नव्हतं की मी असं का करतोय. मग ते वर सुटले, श्वास कोंडून, सरळ वर. तसं गेलं की छातीतली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटतं. मी पोचलो तेव्हा काकांनी त्यांना बोटीत घेतलं होतं. ते गेलेच होते.

चावी मी तिथेच बोटीवर बघितली. पाव फेरा. काका माझ्याकडे बघत होते. ते एवढंच म्हणाले, "हात तुम्ही लावला होता." पुढच्या महिन्यात ते काम सोडून गेले.

तपासणीचे साहेब आले, त्यांनी विचारलं, चावी कुणी उघडली. मी म्हणालो, ते आपलं सामान कुणाला हात लावू देत नसत. मी बघू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, ते तोंडातून निघालं. मग तेच तुला सांगितलं. तू रडली नाहीस. तू भिंतीवरचा त्यांचा फोटो काढून कपाटात टाकलास आणि म्हणालीस, हट्टापायी पोरीला पोरकी केली. नऊ वर्षांच्या ढमीसमोर म्हणालीस. मी तिथेच बसलो होतो, तू केलेला चहा पीत. तेव्हा बोलायला हवं होतं. मूग गिळून बसलो. आणि नंतर तू प्रत्येक गोष्ट मला विचारायला लागलीस, घर कुठलं घ्यायचं, ढमीला कुठल्या शाळेत घालायचं. मला सगळं मिळालं, ताई. त्यांचा मान मी खाल्ला. मला माझी किळस येते.

परवा मी तपासणीच्या ऑफिसात गेलो होतो. म्हटलं, निदान कागदावर तरी त्यांचं नाव साफ व्हावं. साहेब कधीच निवृत्त झालेत. टेबलावरच्या बाईंनी रजिस्टर चाळलं आणि सांगितलं, दहा वर्षांवरचे कागद नष्ट करतात. मी म्हणालो, मला जबाब बदलायचा आहे. त्या चांगल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. पण म्हणाल्या, जबाबच उरला नाही, तर बदलणार काय? मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. म्हणजे आता भावोजी हट्टी होते ही गोष्ट फक्त तुझ्याजवळ आणि ढमीजवळ आहे. ती माझ्याशिवाय कुणाला पुसता येणार नाही, आणि पुसून माणूस काही परत येत नाही. ते गेले, अकरा वर्षं गेली, तू त्यांना जे जे बोललीस ते बोलून झालं. यातलं काहीच मला भरून देता येत नाही. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

ढमी शिकणार असेल तर शिकू दे, नसेल तर नको. पण माझ्या हाताखाली नाही. हे दुकान मी चालवायला दुसऱ्याला देतोय. पाण्यात मी उतरणार नाही, कुणाच्या चावीला हात लावणार नाही.

आता शेवटचं. मी तुला ओळखतो. तू हे पत्र वाचशील, दोन दिवस अंथरुणाला खिळशील आणि मग ते जाळून टाकशील. मला कायमचं तोडशील, पण ढमीला कळू देणार नाहीस, कारण बाप तर गेलाच, आता मामा तरी राहू दे, असं तुला वाटेल. माझ्यासाठी तू पुन्हा एकदा त्यांनाच दोषी ठेवशील. म्हणून हीच सगळी हकिगत लिहून मी कालच ढमीच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर टाकली. तुझ्या हातात हे पडेल तोवर तिने वाचलेलं असेल. तिचा फोन येईल. ती रडत असेल किंवा गप्प असेल. ती काय विचारेल, ते तुलाही ठाऊक आहे. तिला खरं सांग, की तुलाही आजच कळलं.

त्यांचा फोटो कपाटातून काढ.

त्या दिवशी भावोजींच्या मागे उभा असलेला,
तुझा भाऊ