मयेच्या पंधरा जणी आणि मांद्रेचा सामना

प्रिय आत्या,

काल आपला शेवटचा सामना झाला. एरवी सामना संपून घरी पोचते न पोचते तोच तुझा फोन यायचा. स्वतः मैदानावर हजर असूनही सगळं पुन्हा माझ्या तोंडून ऐकायचीस. काल फोन वाजला नाही, म्हणून लिहून कळवते.

तीस वर्षं शाळेत कबड्डी शिकवून निवृत्त झालीस, आणि रग्बीचा संघ काढायचं तुला सुचलं तरी कसं गो? बायकांच्या दुसऱ्या गटाच्या चषकाला एक संघ कमी पडतोय, एवढं ऐकून डिचोलीच्या बैठकीत तू हात वर केलास. खेळ काय असतो ते नंतर विचारलंस.

पंधरावी खेळाडू तुला मयेच्या तळ्याजवळ सापडली. चंद्रकला, गटारात रुतलेली जीप एकटी ढकलत होती. तिचं नाव विचारायच्या आधी तू जर्सीचं माप विचारलंस.

पहिल्या सामन्यात मी चेंडू घेऊन त्यांच्या रेषेपलीकडे पोचले. तिथे चेंडू नुसता जमिनीला टेकवायचा होता. मी रेषेला पाय लावला आणि जीव खाऊन मध्यरेषेकडे परत पळाले. पंच बघतच राहिले. तू मात्र टाळ्या वाजवत होतीस, "शाब्बास गो बाय, सुटून आलंस!"

असे आपण पहिले चारही सामने हरलो. चौथ्यानंतर बसमध्ये मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आत्या, ही कबड्डी नव्हे. नियम वाच, नाहीतर घरी बस."

दुसऱ्या दिवशी सरावाला वही घेऊन आलीस. सगळे नियम मराठीत, तुझ्या अक्षरात. 'चेंडू पुढे फेकू नये' याखाली तीन रेघा. मी माफी मागायला गेले तर म्हणालीस, "बोलू नको, धाव."

आठवड्याने तू गेलीस. छातीत दुखत असलं तरी कुणाला सांगायचं नाही, हा कुठल्या खेळाचा नियम होता गो?

काल समोर मांद्रेच्या मुली होत्या. त्याही सगळे सामने हरलेल्या. जो हरेल त्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही, असं ठरलेलं. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी. मग त्यांच्या रेषेजवळ आपल्या आठ जणी खांद्याला खांदा भिडवून ढकलायला लागल्या, आणि अख्खा ढीग रेषेपलीकडे कोसळला. चेंडू चंद्रकलेच्या पोटाखाली सापडला. "मी काही केलं नाही, निसरले," ती पंचांना सांगत होती. तरी त्यांनी गुण दिले. आपण जिंकलो.

मी बसमागे जाऊन रडत होते. तिथे मांद्रेची कप्तान आली, तीही रडलेली.

"बाई गेल्या ता कालच कळला," ती म्हणाली. "न लागता पडूक आमका तेंनीच शिकवल्यानी. दर शनिवारी येत."

शनिवारी तू पेडण्याला मैत्रिणीकडे जातेस असं आम्हाला सांगायचीस. म्हणजे आमच्या विरुद्धच्या संघालाही, न लागता कसं पडायचं ते, तूच शिकवत होतीस! त्या सगळे सामने का हरल्या, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी हसायला लागले. कारण सांगितलं तशी तीही हसली.

मांद्रेलाही बोलवा, असं मी आयोजकांना सांगणार आहे. नाहीच ऐकलं तर दोन्ही गावांचा मिळून एक संघ काढीन. आणि येत्या शनिवारी मांद्रेला मी जाईन. मुली छान पडतात, आत्या. पुढचं मी शिकवते.

तुझी भाची,
उर्मिला