सूं करणारा कॉम्प्रेसर परत नेण्याबाबत

पारगाव,
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप रखमाजी दाजींना जानकूचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? खोडदला थंडी पडायला लागली असेल, तेल चोळत जा. इकडे मी, शीला आणि पोरं ठणठणीत आहोत. ठणठणीत नाही तो तुमचा कॉम्प्रेसर, म्हणून लिहायला बसलोय.

दाजी, विहिरीची कामं सोडल्यावर तो तुम्ही माझ्या पंक्चरच्या दुकानाला दिलात, तेव्हा मी आळीभर पेढे वाटले. मुहूर्तासाठी दसऱ्यापर्यंत बटणाला हात लावला नाही. खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं, टाकीवरच्या पितळी कडीला झेंडूची माळ बांधून दुसरं टोक छताच्या खिळ्याला चांगलं ताणलं. (लोंबकळणारी माळ मला बघवत नाही.) दसऱ्याला मशीन चालू केलं, तर नुसतं सूं! टाकी भरते थोडी, गळते लई. बैलगाडीच्या एका टायरला हवा भरेपर्यंत गाडीवान घरी जेवून येतो. आता कारखान्याचा हंगाम तोंडावर आलाय, आणि उसाचे ट्रॅक्टर काय माझं तोंड बघायला थांबणार?

मग मी गळती शोधायला लागलो. शीलाचा धुण्याचा साबण बादलीत कालवला आणि जोड न् जोड फेसाने माखला. जिथे बुडबुडा तिथे गळती, हे तुम्हीच शिकवलंत. (कडीवरची माळ तेवढी सोडली. पूजेच्या फुलांवर धुण्याचा साबण ओतायला मी काही खोडदचा नाही.) बुडबुडा कुठेच नाही! तरी सगळे जोड उघडले, पांढरी टेप गुंडाळून पुन्हा आवळले, पाइप बदलला. शीला म्हणाली, एवढा साबण लागतोच आहे तर चादरीपण घ्या. सूं काही थांबेना. शेवटी टाकीच खोटी, असं मी ठरवलं.

आणि डोकं फिरल्यावर चहाच्या टपरीवर बोललो, की दाजींनी हे गळकं धूड माझ्या गळ्यात मारलं. ते मंचरच्या बाजारातून अक्काच्या कानावर गेलं. तिचा निरोप आला, "माझ्या मालकाला खोटं म्हणणाऱ्याच्या दारात मी भाऊबीजेला पाय ठेवणार न्हाई." दाजी, लई लागलं मनाला. पण मशीन गळतंय त्याला मी काय करू? तेव्हा टेम्पो पाठवून आपली वस्तू घेऊन जावी.

आपला मेहुणा,
जानकू

ता. क. पत्र चिकटवतच होतो, तेवढ्यात शेजारच्या ठकूबाईची शेळी दुकानात शिरली आणि तिने झेंडूची माळ ओढून खाल्ली. सूं बंद! टाकी गच्च भरली. ती कडी जादा हवा सोडायच्या सेफ्टी व्हॉल्व्हची निघाली. मी ती माळेने ताणून धरली होती, म्हणून हवा जात होती.

ता. क. दुसरा. टेम्पो पाठवू नये. पत्र फाडलं असतं, पण दुसरं आंतरदेशीय उद्याशिवाय मिळत नाही आणि माझ्याच्याने उद्यापर्यंत दम निघत नाही.

ता. क. तिसरा, समासात लिहितोय, सांभाळून वाचा. अक्काला काहीही करून भाऊबीजेला पाठवा. तिला सांगा, मशीन चांगलं आहे, बिघाड तुझ्या भावात होता. हे ऐकल्यावर ती घरात थांबायची नाही.