लाडोबाची मावशी

तीर्थस्वरूप मावशीच्या चरणी (गुडघे सुजले असतील तर उठू नकोस, मी इथूनच वाकतो) साष्टांग नमस्कार.

तीर्थरूप आई-वडिलांना आणि तीर्थस्वरूप मावशीला, हे तूच पाठीत धपाटा घालून शिकवलं होतंस. आता तीर्थरूप लिहायला कुणी उरलं नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्नच मिटला. तुझे गुडघे, काकांचं घोरणं आणि त्यावरून होणारं भांडण, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. आई गेल्यापासून मी तुझा एकही फोन उचलला नाही, म्हणून तू डूख धरून बसली असशील. धर, तुझा हक्क आहे. पण इथे जे झालं ते आधी वाच.

माझी नोकरी काय आहे हे तुला अजून कळलेलं नाही. शेजारणींना तू ‘तो बंदरात असतो’ म्हणून सांगतेस, तेही खोटं नाही. खांबांवर उभी लाकडी खोली, खाली समुद्र, पाण्यात सोडलेला माइक आणि कानाला हेडफोन लावलेला मी. किलर व्हेल काय बोलतात ते दिवसभर ऐकायचं. (नाव व्हेल, जात डॉल्फिनची.) दर घराची बोली वेगळी, आणि घर चालवते म्हातारी. चाळिशीनंतर तिला पिल्लं होत नाहीत, पण मासे कुठे सापडतील हे तिलाच ठाऊक, म्हणून सगळे मुकाट तिच्या मागे. मुलगे तर जन्मभर आईला चिकटून. पाठीवर माणसाएवढा उंच पर असलेला, घोडा झालेला मुलगा, तरी आई मासा तोडून अर्धा त्याच्यापुढे टाकणार! अशा एका घोड्याला आम्ही लाडोबा म्हणतो. (हे नाव माझ्याकडे बघून सुचलं असं आमचे साहेब म्हणतात. दुर्लक्ष कर.)

लाडोबाची आई या हिवाळ्यात गेली. अशा वेळी थोराड मुलगाही मागोमाग जाण्याची भीती फार वाढते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. तो खाडीच्या तोंडाशी नुसता तरंगत राहिला. धड शिकार नाही, धड हाक नाही. मला बघवेना. साहेब बाहेर गेल्याचं बघून मी गाढवपणा केला: त्याच्या आईची जुनी रेकॉर्ड केलेली हाक पाण्यातल्या स्पीकरवर लावली.

मावशी, तो आला. सरळ माझ्या खोलीखाली. फळ्यांच्या फटींतून त्याचा ओला, माशाचा वास मारणारा श्वास माझ्या पायांना लागला. घाबरून मी आवाज बंद केला, तर तो खांबाला अंग घासत स्पीकरसमोरच थांबला. झोपेतही यांचा अर्धा मेंदू जागा असतो, म्हणजे वाट बघण्यालाही सुट्टी नाही. बाहेरून माशांचे थवेच्या थवे निघून गेले, हा हलला नाही. डोक्यामागे खळगा दिसू लागला. उपासमारीचं ते लक्षण. करायला गेलो गणपती, झाला मारुती. साहेबांनी सगळं ओळखलं, स्पीकर बाहेर काढला, कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. (ओरडले असते तर बरं वाटलं असतं.)

दुसऱ्या दिवशी भर दुपारी असं धुकं उतरलं की खिडकीबाहेरची शिडी दिसेना. आणि हेडफोनमध्ये लाडोबाच्या आईची हाक आली. स्पीकर कपाटात. साहेब समोर, घास तोंडात तसाच. मी हेडफोन काढला तरी ती येतच होती, फळ्यांतून, तळपायांतून. खाली लाडोबाचा श्वासही ऐकू येईना.

मग धुक्यात एकामागून एक फुत्कार उठले आणि शिडीपाशी एक वाकडा पर वर आला. साहेब हळूच म्हणाले, “अरे, ही तर त्याची मावशी!” आईची सख्खी बहीण, स्वतःचा गोतावळा घेऊन कधीच लांब गेलेली. बोली तीच, आवाजही थेट तोच. तिने मासा तोडून अर्धा त्याच्यापुढे सोडला. तो तोंड फिरवून, स्पीकर जिथे लटकत असे तिकडे वळला. तिने परत हाक मारली, तो परत तिकडेच. अरे ठोंब्या, खा की, असं मी खिडकीतून ओरडलोसुद्धा. शेवटी तिने त्याला डोक्याने अशी ढुशी दिली की आमची खोली हलली. तेव्हा खाल्ला. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण मला लहानपणी फार अभद्र वाटायची. सगळे मिळून धुक्यात गेले, तोही गेला, आणि खोलीखाली नुसतं पाणी राहिलं.

बाकी क्षेम. माझी प्रकृती उत्तम. काकांना नमस्कार.

तुझा कोडगा भाचा

ता. क. प्रकृती उत्तम हे खोटं आहे. पँट कमरेवर राहत नाही. साहेबांनी काल माझ्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून दिलं.

आणखी एक ता. क. फोन उचलत नाही तो रागाने नव्हे. आई गेली त्या आठवड्यात तू स्वयंपाकघरातून ‘जेवायला चल रे’ म्हणालीस, आणि मी ‘आलो गं आई’ म्हणत उठलो होतो. सगळे गप्प झाले, तूही. तेव्हापासून तुझ्या आवाजाची भीती वाटते. रविवारी सकाळी फोन कर. मी उचलतो. बराच वेळ काही बोललो नाही, तरी ठेवू नकोस.