घरटी एक नाव

प्रिय आये,

तू जाऊन सहा वर्षं झाली, तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण उद्या सकाळी मी कायदा मोडणार आहे, आणि तो कसा मोडायचा यावरून तुझं नि माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

अंजूरच्या खाडीबांधाला परवा पुन्हा खांड पडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड आहे. उद्या अमावास्या, दुपारी उधाणाचं पाणी तिथून सरळ शेतात शिरेल. भात पोटरीला आलंय. आणि देवळाच्या भिंतीवर कागद चिकटवलाय, बांधाला कुणी हात लावायचा नाही, पाचजणांनी तिथं जमायचं नाही, नाहीतर अटक. परवानगी मागायला गेलो तर साहेब म्हणाले, फाइल वर गेलीय. खारं पाणी शिरलं की जमीन नापीक ठरते, आणि नापीक जमीन गोडाऊनवाल्यांना द्यायला सोपी जाते. हे शेंबडं पोरही सांगेल. मी त्यांच्याच एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या ड्युटीला जाते. तू असतीस तर यावरून मला चांगलंच ऐकवलं असतंस.

तुझी रीत मला पाठ आहे. लिहायचे मी, सही करायचीस तू. "लिही गो, साहेबांना सांग, उद्या आमी बांधावं येतोय, लपून न्हाय." वेळ, जागा, सगळ्यांची नावं. लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं तू ते पोलीस ठाण्यात नेऊन द्यायचीस. मी चिडायचे, की आधी कळवायचं कशाला? तू म्हणायचीस, "आपण चोरी करत न्हाय, मंग लपायचं कशाला?"

बरोबर होतं तुझं. पण त्या वर्षी काय झालं, आठवतं ना? उजाडता उजाडता गाडी आली आणि पत्रातली बाराच्या बारा माणसं घरातून उचलली. कुणी हात उगारला नाही, वर चहा पाजला, हे तू पुढं कौतुकानं सांगायचीस. आम्ही मागे उरलेले मात्र पाणी शिरताना बघत उभे होतो. दोन वर्षं त्या शेतात भाताचं रोप धरलं नाही. आये, ते पत्र माझ्या हातचं होतं. तुझ्यासमोर हे कधी बोलले नाही, कारण तुझं तोंड बघून धीर व्हायचा नाही.

तुझा भाऊ, आपला नामूमामा, त्याचं सगळं उलटं. पुढच्या वेळी त्यानं कुणाला कळवलं नाही. तिघांना घेऊन गेला, रेतीच्या गोण्या टाकल्या, घरी येऊन जेवला. बांध टिकला. एवढं श्रेय तरी तू मामाला द्यायला हवं होतंस.

पण पोलिसांना कुणीतरी हवाच होता. बांधाजवळच्या खोलीत रामसजीवन राहायचा, भिवंडीत लूमवर कामाला. पायाला चिखल दिसला म्हणून त्याला धरलं. "हमने तो हाथ भी नहीं लगाया साहब," एवढंच तो म्हणत राहिला. ठाण्यातल्या मारात त्याचा एक कान कायमचा गेला. मामा ठाण्यात गेला नाही. म्हणाला, "माझं नाव दिलं तं तिघं पन जातील." त्या दिवाळीत तू भाऊबीजेला त्याला ओवाळलं नाहीस, आणि पुढं कधीच नाहीस. मला तेव्हा तू फार कठोर वाटलीस. आज तशी वाटत नाहीस.

मग मी काय करू? तुझ्या रीतीनं शेत जातं, मामाच्या रीतीनं दुसऱ्याच माणसाचा बळी जातो.

खांड बुजवायला घरटी एक माणूस द्यायचा, हा आपल्या गावचा नेम. रांग करायची, चिखलाची ढेकळं हातोहात पुढं द्यायची. मामाच्या वेळची खांड लहान होती, ही वीस माणसांशिवाय बुजणार नाही, आणि कागद म्हणतो पाचजण नकोत. तेव्हा माझ्या मनात आलं, माणूस घरटी एक, तसं नावही घरटी एक. आधी कुणाला कळवायचं नाही. पहाटेच्या ओहोटीला खांड बुजवायची. चिखल धरला की एका घराच्या माणसानं आपल्या पायानं ठाण्यात जायचं आणि सांगायचं, हे मी केलं. दुसऱ्या कुणाचं नाव सांगायचं नाही. पुढच्या उधाणाला पुन्हा खांड पडली, की दुसरं घर.

तू म्हणशील, हे अर्धंच खरं झालं. हो, अर्धंच. पण भलत्याला धरून नेणार नाहीत आणि गावही रिकामं होणार नाही.

मला भीती वाटते, आये. तीन दिवस झाले, रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी आहे, काचा वर. आज शिफ्ट सुटताना सुपरवायझर हसत म्हणाला, "ताई, कल ड्युटी पे आओगी ना?" त्याला मी काहीच बोलले नव्हते. गावात आले, तर काल "येतो" म्हणालेल्या चार घरांची दारं भरदिवसा लावलेली. एका घरात टीव्ही चालू होता. मी कडी वाजवली तसा तो बंद झाला.

त्यांना कुणी सांगितलं? आपल्यातलंच कुणीतरी असणार. उद्या बांधावर कोण कोण असेल, देव जाणे.

तरी तुला शब्द देते. ओहोटीला मी बांधावर असेन, आणि खांड बुजली की पहिलं नाव आपल्या घराचं देईन.

ठाण्यात कुणी कधी जायचं त्याची यादी करायला बसले, तेव्हा माझी पोर, तुझी नात, शेजारी होती. मी विचारलं, पहिली मी, पण पंधरा दिवसांनी पुन्हा उधाण येईल तेव्हा कोण? दुसऱ्या नावासाठी एकही घर अजून पुढं आलं नव्हतं. तिनं पेन घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. मी म्हटलं, घरटी एकच असतं गो. ती म्हणाली, "मंग तू सुटून येशील तोवर घरात मीच एक हाय ना?"

मला ते नाव खोडता आलं नाही.

तुझी,
सुमन