सोनमचा आवाज

१० नोव्हेंबर

पुन्हा तेच! नदीच्या कवितेचं समूहवाचन. मुलींच्या दोन रांगा. एक रांग हात पसरून पुढे येते, ओळ म्हणून थांबते, मग समोरची पुढची ओळ उचलते. सगळ्या बरोबर थांबतात — सोनम सोडून. ती शेवटचा स्वर धरून ठेवते, समोरची रांग बोलायला लागेपर्यंत. इथल्या बायका लग्नात असंच गातात, गाणं मध्ये तुटू देत नाहीत. ऐकायला गोड लागतं, पण शहाद्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणतील, पोरींना थांबताही येत नाही. समजावून समजावून डोकं उठलं माझं.

१३ नोव्हेंबर

सोनमची आई आली होती, मोतीबाई. घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत निघालेत. धाकट्याला सांभाळायला सोनमला वसतिगृहातून न्यायचं म्हणते. आठवीतली पोर! एकदा शाळा सुटली की परत येत नाहीत, मी पाहिलंय. खूप विनवलं. शेवटी म्हणाली, शहाद्याला येते, पोर काय शिकली ते ऐकते, मग ठरवते.

म्हणजे त्या दिवशी सोनम बोललीच पाहिजे.

१६ नोव्हेंबर

लिहायचीही लाज वाटते.

मुख्याध्यापक तालीम बघायला आले. सोनमने शेवट ओढला आणि ते हसले. मला तो माझाच अपमान वाटला. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

"हो बाई," म्हणाली. एवढंच.

लहानपणी मी गावातून शहाद्याच्या शाळेत गेले तेव्हा माझ्या अहिराणीला अख्खा वर्ग हसला होता. वर्षभर मी तोंड उघडलं नव्हतं. हे सगळं माहीत असून! मोतीबाई येणार आहे हेही माहीत होतं. उद्या शब्द मागे घेते. नक्की.

१७ नोव्हेंबर

नाही घेतला. तिच्या आवाजाशिवाय तालीम अगदी स्वच्छ झाली. भित्री आहे मी, आणि बक्षिसाची हावरीसुद्धा.

१९ नोव्हेंबर

पहिला नंबर!

मोतीबाई मोलगीहून जीपने आली होती, मागे भिंतीला टेकून उभी. सोनमने हात पसरले, पाऊल कुठे चुकलं नाही, ओठ हलले. मी स्टेजपेक्षा तिच्या आईकडेच जास्त बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर ती आमच्याकडे आली. सोनम माझ्या शेजारीच. वाटलं, झालं, आता पोरीला घेऊन जाणार. पण ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, सगळ्या पोरींत आमच्या सोनमचाच आवाज आला मला. राहू दे तिला इथंच."

आणि मी काय केलं? हो, छान बोलली, म्हणाले!

ह्यांचा फोन आला. नंबर लागला म्हणून खूश. मग माझा आवाज ऐकून, "काय व्हयनं? रडी ऱ्हायनी का?" सर्दी झालीय म्हटलं. आणखी एक खोटं.

२१ नोव्हेंबर

सोनमची माफी मागितली. पुढच्या वेळी पहिली ओळ तुझी एकटीची, आणि हवी तेवढी ओढ, म्हटलं. मान हलवली तिने. आईला खरं सांगू का, विचारलं तर वही उघडून बसली.

उद्या त्यांचा टेम्पो निघणार. त्या बाईने माझ्या खोट्यावर विसंबून पोर मागे ठेवलीय. पण खरं सांगितलं आणि ती सोनमला घेऊन गेली तर? मग माझी चूक तीच पोर आयुष्यभर भोगणार.

२२ नोव्हेंबर

गाठलं. भांडीकुंडी टेम्पोत चढत होती. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," मोतीबाई म्हणाली. "कार्यक्रमाच्या आधीच सोनमने सांगितलं. पण बाई, तुमच्याशी बोलले तेव्हा पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. दुसरं काय बोलू?"