राखणदाराची विलायती बाटली

॥ श्री जागेवाला प्रसन्न ॥

मु. मिरजोळे, रत्नागिरी
कार्तिक वद्य, सन १९८६

चि. विठू यास मिरजोळ्याहून भावोजी भिकाजीचे भरघोस आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर दरवेळचा गणपती नाही, जागेवाला आहे, हे तू पाहिलंच असशील. त्याचं कारण पुढे येईल, घाई करू नकोस. इकडे आम्ही खुशाल. भात घरात आलं, पेंढा रचून झाला. कलमांना अजून मोहर नाही, पण शेजारच्या सदूच्या कलमांनाही नाही, त्यामुळे मन शांत आहे. तुझ्या बहिणीचा, येसूचा, गुडघा थंडी पडल्यापासून जास्तच कुरकुरतो, बाकी जिव्हा उत्तम चालते. तुझी बोट पौषात सुटणार असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. तोवर मुंबईत बाहेरचं खाऊन पोट बिघडवू नकोस. (हे येसूने लिहायला सांगितलं. माझं स्वतःचं म्हणणं असं, की बोटीवर जगभरचं खाणाऱ्या माणसाला मुंबईचं काय होणार आहे.)

आता मुद्द्याचं. गणपतीत आलास तेव्हा तू मला तीन वस्तू गुपचूप दिल्यास. एक लाल वाईनची बाटली, एक उंच पायाचा काचेचा पेला आणि एक तो पिळाचा स्क्रू, बूच उपसायचा. वर पडवीत बसून शिकवणी दिलीस, की तिकडचे शहाणे लोक वाईन ढोसत नाहीत. संध्याकाळी आरामखुर्चीत बसतात, आवडीचं संगीत लावतात, एक घोट घेतात आणि तो तोंडात असेपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. विठू, त्यातलं शेवटचं कलम माझ्या काळजाला भिडलं. सारा जन्म तालुका कचेरीत लोकांची बोलणी ऐकण्यात गेला. निवृत्त झालो तर घरी वाडीतले तंटे ऐकायला बसवतात. तू दोन वर्षांपूर्वी आणलेला टेपरेकॉर्डर, माझी मारव्याची कॅसेट, आणि कोणाशी न बोलता एक संध्याकाळ, एवढं एकच मागणं मला देवाकडे होतं. मारवा का, तर त्यात गवई षड्जाची वाट बघायला लावतो. आता येईल, मग येईल म्हणता म्हणता माणूस कासावीस होतो. तुझं वाईनचं वर्णन ऐकून मला वाटलं, हेही तसंच प्रकरण आहे. दोन वाट बघणारे एकमेकांना सोबत होतील.

अडचण तुझ्या बहिणीची. आपल्याकडे बाटली वर्षातून एकदा येते, परसातल्या रातांब्याखालच्या राखणदारासाठी, म्हणजे आपल्या जागेवाल्यासाठी. तीही पिशवीत घालून, कोणाकडे न बघता आणायची. टोपणभर त्याच्या पाषाणावर, बाकीची गाऱ्हाणं घालणाऱ्या महिपतची. माणसासाठी बाटली या घरात आल्याचं कोणाला आठवत नाही. म्हणून मी ती बाटली कोठीच्या खोलीत मोठ्या डब्यामागे ठेवली (तिथे येसूचा गुडघा तिला जाऊ देत नाही अशी माझी समजूत) आणि दबा धरून बसलो.

संधी आली संकष्टीला. येसू आणि सदूची दमयंती यांचं हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला जायचं ठरलं. रात्री तिकडेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. मी त्यांना इतक्या प्रेमाने पोचवायला गेलो, की दमयंतीला भरून आलं. परतलो तो पडवी झाडली, आरामखुर्ची पश्चिमेला वळवली, लांज्याहून आणलेले काजूगर तुपावर परतले, पेला आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला. कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून ताठ केली. ऊन उतरू लागलं तशी बाटली आणून टेबलावर मधोमध ठेवली आणि तिच्याकडे थोडा वेळ नुसता बघत बसलो. ते बघणं मला भोवलं. स्क्रू खिशातून काढणार एवढ्यात पायरीवर येसू. गाडीला उशीर, तेवढ्यात दमयंतीच्या नातवाला ताप चढला म्हणून निरोप आला आणि दोघी स्टँडावरूनच माघारी आल्या होत्या.

तिने पेल्याकडे पाहिलं, काजूंकडे पाहिलं, बाटलीकडे सर्वांत जास्त वेळ पाहिलं आणि विचारलं, ही कोणाची? विठू, मी कचेरीत भल्याभल्या साहेबांना उत्तरं दिली आहेत. पण त्या वेळी माझ्या तोंडाने माझा सल्ला न घेताच सांगून टाकलं, की राखणदाराची.

झालं. तुझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते आमच्या लग्नातसुद्धा मी पाहिलं नव्हतं. तिने हात जोडले. बाटलीला हळदकुंकू लावलं. नवऱ्याला म्हातारपणी का होईना देवाची बुद्धी झाली, जागेवाल्याला यंदा विलायती मान आहे, ही बातमी तिने दिवे लागायच्या आत वाडीत पोचवली. काजूगरही नैवेद्यालाच असणार असं समजून तिने ते झाकून ठेवले. मी आरामखुर्चीत मारवा ऐकला, पण कोरड्या घशाने. गवई षड्जावर आला तरी मला काही तो आल्यासारखा वाटला नाही.

राखणदाराच्या मानाच्या ठरल्या दिवशी दुपारी महिपत आला. वाडीतली निम्मी माणसं विलायती बाटली बघायला आली होती. पाषाण धुतला, फुलं वाहिली, कोंबड्याचं तेवढं नेहमीप्रमाणे. येसूने तो उंच पायाचा पेलाही काढला, कारण विलायती मानाला साधी वाटी शोभणार नाही. मग महिपतने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा जागेवाल्या म्हाराजा, आज तुझ्या लेकरानं, ह्या भिकाजीनं, तुझा मान चढता केलान हाय. त्याच्या मनात जा काय हाय ता पुरा कर." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सर्वांत मोठ्याने मी म्हणालो. माझ्या मनात जे होतं ते त्याच्यासमोर पाषाणावर उभं होतं.

आणि बाटली उघडेना. महिपतला टोपण फिरवायची सवय, हिला टोपणच नाही. त्याने बूच नखाने उकरलं, दाताने ओढलं, कोयतीच्या टोकाने टोचलं. बूच जागचं हललं नाही. महिपत मागे सरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भिकाजीनू, राखणदार घेत नाय. घरातल्या कोणाचा तरी मन साफ नाय." निम्मी वाडी आमच्या घरातली माणसं न्याहाळू लागली. घरात आम्ही दोघेच. येसूचं मन साफ आहे याबद्दल वाडीत दुमत नाही.

स्क्रू माझ्या बंडीच्या खिशात होता. त्या संध्याकाळपासून तो मी अंगावरून काढलाच नव्हता, का ते विचारू नकोस. काढावा, तर हे हत्यार देवाच्या बाटलीसाठी अगोदरपासून खिशात कसं, हा प्रश्न. न काढावा, तर महिपत दुसऱ्या कोंबड्याची भाषा बोलू लागलेला. शेवटी मी पाषाणापुढे लोटांगण घातलं आणि उठता उठता स्क्रू हातात घेऊन उठलो. म्हटलं, विहिरीच्या पंपाचा वायसर उपसायचं आहे हे, बघू या चालतं का. बूच असं सुरेख आवाज करून बाहेर आलं, की लोकांनी आपणहून "व्हय म्हाराजा" म्हटलं. येसू फक्त माझ्या हाताकडे पाहत राहिली. पंपाच्या मानाने माझा हात फार सराईत पडला असावा.

यापुढचं लिहिताना माझी लेखणी जड होते. टोपण नसल्यामुळे टोपणभराचं माप राहिलं नाही. महिपतने तो पेला काठोकाठ भरला आणि रातांब्याच्या मुळात ओतला. मग राखणदाराच्या सोबत्यांसाठी म्हणून आणखी एक. लाल माती आणि लाल वाईन, कुठे गेली ते दिसलंसुद्धा नाही. तू मला सांगितलं होतंस, की वाईन उघडल्यावर तिला जरा वारा खाऊ द्यावा. तिला वारा लागायच्या आतच ती मातीत गेली. मी डोळे पुसले. दमयंतीने ते पाहिलं आणि आता वाडीत माझ्या भक्तीबद्दल बोललं जातं.

मग महिपतचा वाटा. त्याने पेला भरून घेतला, डोळे मिटून मोठा घोट घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव एकेक करून निघून गेले. प्रसाद थुंकता येत नाही, म्हणून त्याने तो गिळला, राहिलेला पेला देवाला माघारी दिला आणि म्हणाला, "ह्या तर आमसुलांचा पाणी हाय. राखणदाराला झेपात, मला नाय झेपायचा." बाटली त्याने दोन्ही हातांनी माझ्याकडे परत केली. पुढल्या वर्षी नेहमीची चालेल का, हे देवाला विचारायला तो इतका उतावीळ झाला, की लगेच कौल लावायला बसला. येसूने ताटलीतून पाकळ्या पुढे केल्या. त्याने एक उजवीकडे चिकटवली, एक डावीकडे. उजवी पडली तर नेहमीची चालेल, डावी पडली तर नाही. विठू, मी श्वास धरून बसलो होतो. डावी पडली. महिपतने पुन्हा लावला, पुन्हा डावी. एकदा चढवलेला मान उतरवता येत नाही, हे त्याने स्वतःच सर्वांना पडेल आवाजात समजावून सांगितलं.

राहिली अर्धी बाटली. लोक गेल्यावर मी ती संन्याशाच्या चेहऱ्याने ओट्यावर ठेवली. तुझी बहीण म्हणाली, प्रसाद आहे, टाकायचा नाही आणि घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, आजच संपवा. मी म्हटलं, एवढा मला एकट्याला होईल का? ती म्हणाली, प्रसाद घरातल्या सर्वांनी घ्यायचा असतो, आणि फुलपात्र घेऊन पडवीत येऊन बसली. कोणाशी न बोलता बसायचं हे माझं स्वप्न तिथेच संपलं असं मी धरून चाललो.

सूर्य टेकला होता. मी मारवा लावला, काजू मध्ये ठेवले. पहिला घोट घेतला. आंबट, तुरट, मग मागाहून कुठून तरी ऊब. खरं सांगतो, महिपत चुकला. येसूने फुलपात्र नाकाशी नेलं, एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरा घेतला. बोलली नाही. मी वाट पाहिली, तरी बोलली नाही. गवई आणि आम्ही दोघं, तिघंही षड्जाची वाट बघत बसलो. आणि नेमका दाब उतरून विजेला ओढ लागली. (संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे लागले की ती लागतेच.) टेप जडावली. गवयाचा आवाज खाली खाली जात चालला, एकेक सूर पाय ओढत येऊ लागला. मी पेल्याकडे पाहिलं, येसूने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, आपल्याला चढली की ह्याला? तेवढ्यात दिवे गेले आणि गवई षड्जाच्या उंबऱ्यावर तोंड उघडं ठेवून थांबला.

मी चुटपुटलो. एवढी वाट पाहून तोही नाही. मग काळोखात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. येसू ओवी म्हणत होती, तुमच्या आईची, जात्यावरची. तिने ती जिथून उचलली तो सूर तोच होता, षड्ज, गवयाने सोडला होता त्याच्या पुढचा. तिला ते ठाऊक नव्हतं. ती ओवी ती किती वर्षं दळताना, निवडताना म्हणत आली आणि मी तिच्यावरून वर्तमानपत्राची पानं उलटत आलो. त्या दिवशी तोंडात घोट होता म्हणून बोललो नाही आणि ऐकली. मला फार सुख झालं, विठू. तुझ्या शहाण्या लोकांना कळव, की लाल वाईन मारव्याबरोबर नव्हे, ओवीबरोबर घ्यायची असते. दिवे आले तेव्हा बाटली संपली होती आणि आम्ही कोणी टेप पुन्हा लावली नाही.

असो. लोभ आहेच, तो समुद्रावर नेऊन खारवू नकोस. प्रकृतीस जप.

तुझा,
भिकाजी

ता. क. तू जाणतोसच, मला स्वतःला या पदार्थाची गोडी नाही. पण कौलापुढे माझा इलाज काय? दर वर्षी भात घरात आलं की राखणदाराला अशीच एक विलायती बाटली लागणार. परत येताना विसरू नकोस. देवाचं काम आहे.

आणखी ता. क. हे पत्र येसूला वाचून दाखवलेलं नाही. पेटीत टाकायला तेवढं तिच्याकडे देत आहे. तू उत्तरात फक्त "राखणदाराची वस्तू" असा उल्लेख करावास.

चि. विठूस येसूचे आशीर्वाद. पाकिटाला खळ नीट लागली नव्हती म्हणून मीच लावते आहे. बाटली डब्यामागे आहे हे मला अनंत चतुर्दशीलाच कळलं होतं. ह्यांना एवढा तहानलेला चेहरा करून लपवायला येत नाही. हेदवीचा मुक्काम मी ठरवला तो ह्यांना एक संध्याकाळ मिळावी म्हणूनच, पण नातवाच्या तापाला मी काय करणार. कौलाच्या वेळी उजवीकडे लावायच्या पाकळीला मी ताटलीतच मागून नैवेद्याचा गूळ चोपडला होता. राखणदाराला तेव्हाच मनातल्या मनात तसं सांगितलं होतं, तो घरचाच आहे, काही म्हणत नाही. बाटल्या दोन आण. पैकी माझी जरा गोड बघ. आणि त्या बुचाच्या स्क्रूला एखादी साखळी बसवून आण, ह्यांच्या बंडीचा खिसा फाटला आहे.